प्रबंधावर ‘६२ टक्के एआय’ असा शेरा आला आहे, नोंदणी रद्द होऊ शकते का?

बालाघाट

नमस्कार मंडळी. लांब लिहिते आहे, पण पूर्ण वाचून उत्तर द्या ही विनंती. पीएचडीचं सहावं वर्ष संपत आलं आहे आणि सबमिशन अडकलं आहे.

माझा विषय समाजशास्त्रातला: ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची मजुरी, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) आणि आरोग्य. धारूर, वडवणी, पाटोदा या तालुक्यांतली गावं आणि तांडे, आणि हंगामात सांगली-कोल्हापूरकडचे फड, अशा दोन्ही ठिकाणी राहून मुलाखती घेतल्या. टोळी पहाटे अंधारात फडात उतरते, त्यामुळे बायकांना बोलायला वेळ मिळतो तो रात्री कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, भाकरी थापताना. माझा प्रबंध त्या बोलण्यावर उभा आहे.

साम्य तपासणीचा अहवाल ७ टक्के आला. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण त्याच सॉफ्टवेअरने आणखी एक कागद दिला: ‘एआय-निर्मित मजकूर ६२ टक्के’. विभागातून सांगण्यात आलं की हा आकडा २० च्या खाली आणा, मग प्रबंध पुढे जाईल. हे २० कोणत्या परिपत्रकात आहेत असं विचारलं तर “सगळीकडे असंच चालतं” एवढंच उत्तर मिळालं. कार्यालयातल्या एकाने तर घाबरवलंच, म्हणे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमात ६० टक्क्यांच्या वर गेलं की नोंदणीच रद्द. माझे गाईड भले गृहस्थ आहेत, पण त्यांचंही म्हणणं, “वाद नको, कमी करून आणा.”

मी कसं लिहिलं ते सांगते. आधी प्रत्येक प्रकरण मराठीत, वहीत. विचार मला मराठीतच सुचतो. मग त्यावरून इंग्रजी स्वतः लिहिलं. मग एकेक परिच्छेद चॅटबॉटला देऊन व्याकरण तपासून घेतलं. हे गाईडना सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि त्यांची हरकत नव्हती. वह्या आहेत, तारखांसकट. तिसरं प्रकरण, म्हणजे संशोधन पद्धती, याला तर मी मशीनचा हातही लावलेला नाही. आणि अहवालात सगळ्यांत जास्त टक्के त्याच प्रकरणावर आहेत!

विद्यापीठाच्या गेटसमोर टायपिंग-बायंडिंगची दुकानं आहेत. तिथे आता ‘एआय रिमूव्हल करून मिळेल’ असे बोर्ड लागलेत. बरोबरीच्या दोघीतिघींनी तेच केलं. माझं मन तयार होत नाही. गर्भपिशवी काढल्यावर पुढच्या महिन्यात पुन्हा मोळ्या उचलाव्या लागल्या, हे एका बाईने मला जसं सांगितलं तसं मी लिहिलं आहे. ती वाक्यं दुकानात उलटीपालटी करायला द्यायची?

दुसरी गोष्ट. काही मुलाखतींचं रेकॉर्डिंग अजून उतरवायचं आहे, पुढच्या शोधनिबंधासाठी. ओळखीतला एकजण म्हणतो, सगळ्या फाइली चॅटबॉटवर टाक, मराठीचं इंग्रजी लगेच मिळेल. अजून टाकलेल्या नाहीत. टाकाव्यात का? कायद्याने चालतं का?

ग्रंथपाल_मिरज

ताई, आमच्या महाविद्यालयात हे तपासणीचं काम माझ्याकडेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ते दोन कागद वेगळे करा, आणि समोरच्यालाही वेगळे करायला लावा. साम्य अहवाल तुमचं वाक्य शोधगंगेतल्या (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या) प्रबंधांशी, जर्नलांशी, संकेतस्थळांशी ताडून बघतो. जुळलं तर कुठे जुळलं ते दाखवतो. तुम्ही मूळ पान उघडून खातरजमा करू शकता. एआय अहवालात असं ताडून बघायला काहीच नसतं. तिथे सॉफ्टवेअर एवढंच मोजतं की एका शब्दामागून पुढचा शब्द कितपत अपेक्षित होता. वाक्यं सरळ, एकसारखी, ठरावीक वळणाची असली की ते म्हणतं मशीनने लिहिलं. तो अंदाज आहे. पुरावा म्हणून दाखवायला त्याच्यापाशी एकही मूळ पान नसतं.

तुमच्या तिसऱ्या प्रकरणाचं कोडं यातच सुटतं. संशोधन पद्धतीचं प्रकरण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या एकाच साच्यात लिहिलं जातं. ‘द प्रेझेंट स्टडी इज डिस्क्रिप्टिव्ह इन नेचर’ हे वाक्य मी किती प्रबंधांत वाचलं असेल! आपल्या शिक्षकांनीच ते शिकवलं. हे सॉफ्टवेअर आमच्याकडे आलं तेव्हा मी २०११ साली जमा झालेला एक प्रबंध त्यात घालून पाहिला. पद्धतीच्या प्रकरणात पानंच्या पानं ‘एआय’ म्हणून रंगून आली. चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं ३० नोव्हेंबर २०२२ ला. हा प्रयोग तुमच्या विभागालाही करायला सांगा: त्यांच्याच कपाटातला २०२२ पूर्वीचा एखादा प्रबंध, तेच सॉफ्टवेअर, तेच प्रकरण. लांबलचक युक्तिवादापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांवर हा अन्याय जास्त होतो, हे तपासूनही झालं आहे. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल परीक्षेतले, म्हणजे इंग्रजी परकी असलेल्यांनी लिहिलेले निबंध सात वेगवेगळ्या डिटेक्टरांना, म्हणजे एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरना, दिले. सरासरी ६१ टक्क्यांहून जास्त वेळा ते मशीनचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र बहुतेक बरोबर ओळखले गेले. शब्दसंपत्ती मर्यादित, वाक्यरचना सावध, ही आपल्या मुलामुलींची इंग्रजी आहे, आणि डिटेक्टर नेमकी तीच पकडतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा असाच ओळखयंत्राचा प्रयोग केला होता. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये तो बंद केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिन या तपासणी सॉफ्टवेअरमधली एआय ओळखण्याची सोय बंद ठेवली.

आता ते २०. ते कुठून आले असावेत याचा माझा एक अंदाज आहे. टर्निटिन १ ते १९ टक्क्यांच्या दरम्यानचा एआय आकडा दाखवतच नाही, तिथे चांदणी (*) टाकतं. कारण त्या पट्ट्यात चुकीचे इशारे फार येतात. म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतःच्या मर्यादेसाठी आखलेली रेषा आपल्याकडे उत्तीर्ण होण्याची रेषा झाली असावी. २० च्या वर गेलं की माणूस दोषी, असं ती कंपनीही म्हणत नाही. उलट, केवळ या आकड्यावरून विद्यार्थ्यावर कारवाई करू नका असं तीच सांगते.

‘रिमूव्हल’च्या दुकानात जाऊ नका हे मी हात जोडून सांगतो. तिथे माणूस बसून लिहीत नाही. ते तुमचा मजकूर दुसऱ्या मशीनमध्ये घालून शब्द बदलतात. फ्रान्समधल्या तुलूझचे गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असे छापून आलेले लेख शोधून काढले. त्यांत ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’ झालं होतं, ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’. तुमच्या प्रबंधात उचल, मुकादम, टोळी, करार असे शब्द आहेत, त्यांचं काय होईल? आज तुम्ही निर्दोष आहात. तिथून परत आल्यावर प्रबंध खरोखरच मशीनने लिहिलेला असेल, आणि आकडा मात्र कमी दिसेल.

आणखी एक. इंटरनेटवरच्या फुकट डिटेक्टरांत प्रबंध घालून रोज आकडा बघत बसू नका. अप्रकाशित मजकूर तिथे कुठे साठतो हे आपल्याला कळत नाही. ग्रंथालयातून पुन्हा तपासणी करून घेतलीत तर ‘रिपॉझिटरीत (सॉफ्टवेअरच्या साठ्यात) जतन करू नये’ हा पर्याय निवडायला सांगा. नाहीतर पुढच्या वेळी तुमचा प्रबंध तुमच्याच प्रबंधाशी जुळतो आणि साम्य एकदम वर जातं. हे निस्तरायला माझ्याकडे मुलं रडवेली होऊन येतात.

विदर्भातली_गाईड

माझा सूर थोडा वेगळा आहे, तोही ऐकून घ्या.

आकडा विश्वासार्ह नाही हे मान्य. पण विभाग एवढा का बिथरला आहे तेही समजून घ्या. माझ्याकडे एक प्रकरण आलं होतं, त्यातली प्रतिसादकांची अवतरणं फार सुबक होती. शेतमजूर बाई तीन उपवाक्यांचं वाक्य बोलते, प्रत्येकीच्या बोलण्यात आधी अडचण, मग उपाय. रेकॉर्डिंग मागितलं. नव्हतं. त्या बायकाही नव्हत्या. दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या संदर्भसूचीत इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीमधला एक लेख होता. खंड, अंक, पान सगळं दिलेलं. तो अंक काढला तर त्या पानावर भलताच लेख. हे वाङ्मयचौर्यापेक्षा वाईट आहे. चोरीत निदान मूळ लिहिणारा खरा असतो.

हे फक्त विद्यार्थ्यांपुरतं राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले न्यायनिर्णय अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने बजावलं की यंत्रणेने दिलेल्या निकालांवर डोळे झाकून विसंबू नका, आधी पडताळून पाहा. अधिकारी असे वागू लागले तर विद्यार्थी काय करतील ही धास्ती आम्हा शिक्षकांना वाटते.

म्हणून मी टक्के बघत नाही. विद्यार्थ्याला समोर बसवते, प्रकरणातलं कोणतंही पान उघडते आणि विचारते: ही बाई कुठे भेटली, त्या दिवशी आणखी कोण होतं, हा निष्कर्ष उलटा का नाही निघाला? ज्याने काम केलं आहे तो थांबतच नाही. बालाघाट, तुमच्या प्रश्नातल्या त्या कोपीतल्या ओळीवरूनच मला कळलं की तुम्ही तिथे होतात. विभागाला स्वतःहून सांगा की माझी अशी तोंडी परीक्षा घ्या.

कलम५२

पुण्यात विधी महाविद्यालयात शिकवतो. कायद्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

नोंदणी रद्द होण्याची भीती मनातून काढून टाका. कार्यालयातल्या गृहस्थांनी दोन आकडे एकत्र केले आहेत. यूजीसीचे वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे नियम २०१८ चे आहेत. त्यातले टप्पे असे: १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. हे सगळे टक्के *साम्याचे* आहेत, आणि तुमचं साम्य ७ आहे. त्या नियमांत एआयचा उल्लेखच नाही. २०१८ मध्ये तो असण्याचं कारणही नव्हतं. ६२ हा आकडा त्या तक्त्यात बसवणं म्हणजे ताप मोजून रक्तदाबाची गोळी देण्यासारखं आहे.

याचा अर्थ काहीही चालतं असा मात्र घेऊ नका. त्याच नियमांनुसार तुम्हाला हमीपत्र द्यावं लागतं की हा प्रबंध मी तयार केला आहे, हे माझं मूळ काम आहे. मशीनकडून प्रकरण लिहवून घेऊन त्या हमीपत्रावर सही केली तर ती खोटी सही. व्याकरण तपासून घेणं वेगळं. ही सीमा तुमच्या विद्यापीठाने कुठे आखली आहे ते त्यांच्या अध्यादेशात किंवा परिपत्रकात असू शकतं. असेल तर ते बंधनकारक धरा. म्हणूनच पहिलं काम: लेखी विचारा. “एआयसंबंधी २० टक्क्यांची मर्यादा ज्या ठरावाने किंवा परिपत्रकाने घातली त्याची प्रत मिळावी.” उत्तर आलं नाही आणि विद्यापीठ सरकारी असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

दुसरं. आरोप करायचाच असेल तर त्याची पायरी ठरलेली आहे. विभागाची एक समिती असते: अध्यक्ष विभागप्रमुख, विभागाबाहेरचे एक ज्येष्ठ अभ्यासक आणि तपासणीच्या साधनांचा जाणकार. तिने नैसर्गिक न्यायाची तत्त्वं पाळायची असतात. म्हणजे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय नाही. तिला अहवालासाठी ४५ दिवस असतात, आणि वर संस्थेची समिती असते. “कमी करून आणा” असं तोंडी सांगून प्रबंध अडवून ठेवणं यात कुठेच बसत नाही. हेही जमलं नाही तर २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांखालची समिती आहे, आणि तिच्यावर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठीचा लोकपाल.

न्यायालयाचा निवाडा आहे का असं अनेकजण विचारतात. २०२४ मध्ये हरियाणातल्या जिंदाल विद्यापीठाच्या एका एलएलएमच्या (कायद्याच्या पदव्युत्तर) विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका ८८ टक्के एआयची आहे म्हणून नापास केलं गेलं. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचं सांगितलं आणि याचिका निकाली निघाली. मुद्द्यावर निर्णय झालाच नाही, त्यामुळे या प्रकरणाचा दाखला कुणी पूर्वनिर्णय म्हणून देऊ नये. पण विद्यापीठाने आपला निर्णय टिकवण्यासाठी शेवटपर्यंत लढा दिला नाही, यातून तुमच्या विभागाने काय समजायचं ते समजावं.

आता रेकॉर्डिंग. टाकू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा संशोधनाला सूट देतो, पण ठरवून दिलेल्या मानकांनुसार काम केलं तरच. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बऱ्याच जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. पण कायद्याची तारीख बघून थांबण्याचा हा विषय नाही. तुमच्या फाइलींत बाईचं नाव आहे, गाव आहे, मुकादमाचं नाव आहे, गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेची माहिती आहे. आरोग्य संशोधनासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत गोपनीयता हा पाया मानला आहे. त्या बाईने संमती दिली ती तुम्हाला, तुमच्या अभ्यासासाठी. परदेशातल्या कंपनीच्या सर्व्हरवर तिचा आवाज जाईल हे तिला सांगितलं होतं का? सेटिंगमध्ये ‘माझा मजकूर प्रशिक्षणासाठी वापरू नका’ हा पर्याय निवडला तरी फाइल तुमच्या हातातून गेलेली असते. उद्या त्या मुकादमाच्या कानावर गेलं तर तिची पुढच्या हंगामाची उचल थांबेल. नुकसान तिचं होईल.

नवा_संशोधक

रेकॉर्डिंगपुरतं सांगतो, मी संगणकशास्त्राचा आहे. मशीनची मदत घ्यायचीच असेल तर इंटरनेट बंद ठेवून घेता येते. व्हिस्पर हे आवाजाचा मजकूर करणारं मॉडेल खुलं आहे, ते लॅपटॉपवर उतरवून घेता येतं आणि त्याला मराठी कळते. अनुवादासाठी आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाचं इंडिकट्रान्स२ आहे, तेही खुलं, २२ अनुसूचित भाषांसाठी. फाइल तुमच्या लॅपटॉपबाहेर जात नाही. पण बीडकडची बोली, मागे चुलीचा आणि पोरांचा आवाज, अशा रेकॉर्डिंगवर चुका पुष्कळ येतील. प्रत्येक ओळ कानाने ऐकून तपासावी लागेल. लॅपटॉप जुना असेल तर वेळ लागतो. हवं असेल तर बसवून देतो.

बालाघाट

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री नीट झोप लागली बऱ्याच दिवसांनी.

काल लेखी अर्ज दिला: २० टक्क्यांच्या परिपत्रकाची प्रत मागितली, २०२२ पूर्वीच्या एका प्रबंधाची तशीच तपासणी करण्याची विनंती केली, आणि समितीसमोर वह्या व मुलाखतींच्या नोंदी घेऊन तोंडी परीक्षेला बसायची तयारी दाखवली. विभागप्रमुखांनी अर्ज दोनदा वाचला, मग म्हणाले, समिती बोलावतो. गाईडनी खाली स्वतःहून शेरा लिहिला की व्याकरण तपासणीसाठी साधन वापरल्याची मला आधीपासून कल्पना होती. त्यांनी हे लिहिलं याचं मला फार मोल वाटतं.

रेकॉर्डिंग मी हातानेच उतरवणार. नवा_संशोधक, पुढच्या प्रकल्पात तुमची मदत नक्की घेईन. इथे मात्र मला त्या आवाजांसोबत बसायचं आहे.

एकच विचारायचं राहिलं. समितीत जाण्याआधी प्रबंधात एआयच्या वापराचं निवेदन घालू का? घातलं तर कबुली दिल्यासारखं दिसेल अशी एका मैत्रिणीला भीती वाटते. आणि आभारात चॅटबॉटचं नाव लिहायचं का?

ग्रंथपाल_मिरज

निवेदन जरूर घाला. लपवलेलं सापडलं तर त्याला कबुली म्हणतात. आपणहून सांगितलेली ती कार्यपद्धती. प्रकाशन नीतीवर काम करणाऱ्या कोप या संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्येच दोन गोष्टी स्पष्ट केल्या: अशी साधनं लेखक होऊ शकत नाहीत, कारण ती मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाहीत, आणि ती कशी वापरली हे लेखकाने उघड सांगावं. आभारात नाव नको. आभार माणसांचे माना.

मजकूर साधारण असा ठेवा, हवा तसा बदला:

“या प्रबंधाचा मूळ आराखडा व सर्व प्रकरणांचे पहिले लेखन मी मराठीत केले असून इंग्रजी लेखनही माझेच आहे. तिसरे प्रकरण वगळता इतर प्रकरणांतील इंग्रजी व्याकरण तपासण्यासाठी (साधनाचे नाव, आवृत्ती, वापराचा काळ) याचा उपयोग केला. सुचवलेला प्रत्येक बदल मी मूळ मराठीशी ताडून स्वीकारला किंवा नाकारला. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, प्रतिसादकांची ओळख पटेल अशी माहिती, विदेचे विश्लेषण, निष्कर्ष व संदर्भसूची यांसाठी कोणतेही जनरेटिव्ह एआय साधन वापरलेले नाही. संपूर्ण मजकुराची जबाबदारी माझी आहे.”

शेवटून दुसरं वाक्य अक्षरशः खरं असेल तरच ठेवा. बायकांची अवतरणं असलेले परिच्छेद व्याकरणासाठी दिले असतील, तर त्यांत नावगाव होतं की बदललेलं होतं तेही लिहा. हे पान हमीपत्राच्या लगेच मागे बांधून घ्या, आणि तिसऱ्या प्रकरणात त्याचा एका ओळीत उल्लेख करा. समितीकडे जाताना वह्यांच्या मूळ प्रती हातात ठेवा, द्यायच्या झाल्या तर झेरॉक्स द्या आणि आवक शिक्क्यासह पोच घ्या.